मूळपुरुषाचा दाखला

आमच्या लहानपणी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं आम्हाला कुणी विचारत नसे. आता ते विचारल्याशिवाय कुणी कागदावर शिक्का मारत नाही. तेव्हा उत्तरं पायलीभर होती आणि विचारणारा नव्हता. आता विचारणारे खंडीभर आहेत आणि उत्तर मात्र एकच चालतं. तेही लेखी, आणि जमेल तर अनुसूचित जमातींची यादी निघाली त्या ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचं.

आम्ही म्हणजे जिंतूरच्या डोंगराकडचे आंध आदिवासी. परभणी जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे गोदावरी-दुधनाकाठची काळी सपाट जमीन येते, कापूस येतो, ज्वारी येते. उत्तरेला जिंतूर जवळ आलं की हीच जमीन उठून बसते. अजिंठ्याच्या रांगेचे हे शेवटचे फाटे: मुरमाड, पळसाचे, सीताफळीचे, टेंभुर्णीचे. तिथून औंढा, सेनगाव, कळमनुरी, पैनगंगा ओलांडून पुसद-उमरखेड आणि खाली किनवट-आदिलाबादपर्यंत आमचे सोयरे पसरलेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले आंध पावणेपाच लाखांच्या घरात भरले. एवढ्या माणसांना आपण नेमके कुठून आलो हे ठाऊक नसावं, याचं आमच्या पिढीला कधी नवल वाटलं नाही. उद्या चुलीवर काय चढणार हेच ठाऊक नसायचं, तिथं हजार वर्षांमागची चौकशी कोण करतो?

चौकशी नव्हती, पण गोष्टी होत्या. ज्वारीची रास खळ्यावर पडली की रात्री राखणीला जावं लागे. शेकोटी पेटे आणि म्हातारी माणसं बोलायला लागत. आमची आजी एका रात्री सांगायची की आपण पैठणच्या शालिवाहनाची माणसं. त्यानं मातीचे शिपाई करून त्यांच्यात प्राण फुंकले, लढाई जिंकली. बाकीचे पुन्हा माती झाले, पण थोडे मागे राहिले आणि डोंगराला लागले, ते आपण. दुसऱ्या रात्री तीच आजी सांगायची की कुठल्याशा दुष्काळात तेलंगणाकडून जगायला आलो. तिसऱ्या रात्री आम्ही कुणाच्या तरी फौजेबरोबर बैल हाकत आलेलो असायचो आणि बैल मेले म्हणून थांबलेलो. ‘आजी, काल तर येगळंच सांगितलं व्हतं,’ असं म्हटलं की ती लाकूड पुढं सारायची आणि म्हणायची, ‘कालचं कालचं. आजचं ऐकायचं तर ऐक, न्हाय तर झोप.’

आता खळंच उरलेलं नाही. डोंगरउतारावरसुद्धा सोयाबीन आलं. मळणीयंत्र येतं, तासा-दोन तासांत पोती भरतं आणि निघून जातं. राखण करायला रास नाही, रास नाही म्हणून रात्र नाही, आणि रात्र नाही म्हणून आमच्या फौजेचे बैलही मरत नाहीत. खळ्यावरची ती थंडी, मुरमात टोचणारी पाठ आणि विंचवाची भीती आठवली की यंत्राला हात जोडावेसे वाटतात. तरीही जोडताना मन मागंच राहतं.

पुस्तकांतली माणसं आमच्याकडे आजीच्या आधीच येऊन गेली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. वऱ्हाडच्या १८८१ च्या जनगणनेच्या वेळी किट्स नावाच्या साहेबानं नोंदवून ठेवलं की हे लोक निजामाच्या हैदराबाद राज्यातून पैनगंगा ओलांडून अजून येत असतात. पुढे १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले, त्यांत आम्हाला दोन-तीन पानं मिळाली. आंध्र देशातून आलेली ही मूळची अनार्य जमात दिसते, असं त्यांचं मत. पण लगेच पुढे शंका की हे नाव इकडे आल्यावरही पडलेलं असेल, कारण परक्याला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायची रीतच आहे. शिवाय मद्रासकडे या नावाची जात सापडत नाही. कुळांची नावं बहुतेक मराठीच: कुठे गावावरून, कुठे प्राण्यावरून. डुकरे डुकरावरून, डुमरे वारुळावरून, टिटवे टिटवीवरून. साहेबाचं शास्त्र आणि आजीची गोष्ट यांत मला फार अंतर दिसत नाही. फरक इतकाच की आजी तीन रात्री घ्यायची, साहेबानं तीन मतं एकाच पानावर उरकली.

त्याच पानावर आणखी एक वाक्य आहे, आणि ते वाचून माझा जुन्याचा उमाळा बराचसा ओसरला. या जातीत दोन गट आहेत, एक शुद्ध आणि एक अनौरस. ते एकत्र जेवतात, पण एकमेकांत लग्न करत नाहीत. आमच्याकडे त्यांना वरताळी आणि खालताळी म्हणतात. म्हणजे खळ्यावर जी आजी मातीच्या शिपायांची गोष्ट रंगवून सांगायची, तीच दुपारी ओसरीवर आवाज खाली करून सांगायची की अमक्याची पणजी कुणाच्या घरात बसली होती, म्हणून त्यांच्यात पोरगी द्यायची नाही. आपण कुठून आलो हे माहीत नाही, पण अमका चुकीच्या दारातून आला हे मात्र पक्कं माहीत! सावकार आम्हाला ओसरीच्या खाली बसवायचा आणि आम्ही आमच्यातल्यांना आमच्या खाली बसवायचो. माझ्या एका आत्याचं जमलेलं लग्न अशा चौकशीत मोडलं. ती पुढं दुसरीकडं नांदली, लेकरंबाळं झाली, पण त्या पहिल्या गावाची एसटी दिसली की तोंड फिरवायची. तेव्हाची विस्मृती गोड होती असं मी म्हणतो ना, ती अशी निवडक होती.

आता आमच्या पोरांनी सातवाहन धरलेत. समाजाचा मेळावा असला की फ्लेक्सवर मुकुट घातलेला राजा असतो आणि खाली आमच्या तालुका अध्यक्षांचा हसरा फोटो. पुराणं सातवाहनांना आंध्र म्हणतात, आम्ही आंध. पैठण आमच्यापासून लांब नाही, मग जोडा धागा! मला ते वाईट वाटत नाही. आमच्या बापांना कुणी राजा नव्हता, पोरांना तरी असू दे. पण ज्याचा मुकुट उसना घ्यायचा त्याचं घर आत जाऊन पाहावं, एवढंच वाटतं. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून घेतली आहे. त्यात त्यानं चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला ही एक मोठी कामगिरी म्हणून सांगितली आहे आणि शकांना धूळ चारली ही दुसरी. पुढं त्याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कोण, तर कान्हेरीच्या लेखाप्रमाणे शक महाक्षत्रपाची मुलगी. ऐतरेय ब्राह्मणात तर आंध्र म्हणजे विश्वामित्रानं शाप देऊन हाकललेल्या मुलांची संतती. पुंड्र, शबर, पुलिंद यांच्या पंक्तीत बसवलेली. आणि दंतकथेतला शालिवाहन? ब्राह्मण विधवेच्या पोटी नागाचा मुलगा, वाढला कुंभाराच्या घरी. अशा राजाचे वंशज म्हणवून घेणाऱ्यांनी वरताळी-खालताळी करावं म्हणजे कमाल आहे.

दुसरी गंमत आदिलाबादची. ज्या आंध्र-तेलंगणातून आम्ही आलो म्हणतात, तिथल्या सरकारी यादीतही आंध आहेत, आणि ते घरात बोलतात मराठी! म्हणजे इकडचे म्हणणार आम्ही तिकडचे, तिकडचे बोलणार इकडचं. आमच्या जिल्ह्याविषयी ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ अशी एक जुनी म्हण आहे. आमच्या उगमाचे जेवढे सिद्धांत मी वाचले, त्यांत मला हाच सगळ्यात पटतो.

शालिवाहनावरून पाडवा आठवतो. त्याच्या नावाचं शक ज्या दिवशी बदलतं त्या दिवशी आमच्या बापाचं साल बदलायचं. सालगडी पाडव्याला साल धरायचा आणि पुढच्या पाडव्याला सोडायचा. वाड्यावर गुढी उभी राहायची, गडी अंगणात उभा राहायचा. किती पायल्या ज्वारी, एक धोतर, एक घोंगडी, पायात वहाणा. मागच्या सालाची उचल किती फिरली. बोलणी व्हायची आणि शेवटी हातावर गुळाचा खडा ठेवला की सौदा पक्का. राजाच्या नव्या वर्षाला राजाची माणसं अशी वर्षभरासाठी विकली जायची, आणि तो गूळ आम्हा पोरांना दोन बोटं चाटायला मिळायचा, म्हणून पाडवा आम्हाला फार आवडायचा.

आता साल धरणारं सहजासहजी कुणी मिळत नाही, आणि मिळालं तर आकडा ऐकून मालकालाच घाम फुटतो. आमची पोरं ऊसतोडीला जातात, पुण्याकडे जातात, गाडी चालवतात, काही तलाठी-शिक्षक झाली. पाडव्याला मोबाइलवर गुढीचं चित्र येतं. गूळ आता किलोनं आणता येतो, पण डॉक्टरांनी तो मना केलाय.

भाट नावाचा माणूस तेव्हा गावात यायचा. बारदानात बांधलेली वही काढायचा आणि वाड्यावरच्या ओसरीत बसून घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावं सुरात वाचायचा. मधे खापरपणजोबांचं नाव आलं की पाटील पगडी सावरायचे. आम्ही पोरं भिंतीआड उभी राहून ऐकायचो. आमच्या वस्तीकडे तो वळत नसे. वहीत नसलेल्यांकडे काय वाचणार? आमच्याकडे पिढ्या मोजायची वेळ यायची ती फक्त सोयरिकीत. घोंगडीवर दोन्हीकडचे म्हातारे समोरासमोर बसायचे, पान-तंबाखू व्हायची, आणि ‘तुमचा आजा कोन गावचा?’ पासून सुरुवात व्हायची. कूळ, मामाचं कूळ, आजीचं माहेर, देव कुठला, कुणाच्या मयतीला कोण गेलं होतं. दोन-तीन तास चालणारं हे विचारणं म्हणजे आमची लायब्ररी होती. कागद नाही, वही नाही. चार म्हाताऱ्यांच्या डोक्यात डोंगराची सगळी वस्ती होती. एक म्हातारा गेला की एका खोऱ्याची माहिती जळायची.

आणि बायांची वेगळी वही होती, अंगावरची. गोंदणारी आली की पोरींना धरून बसवत. सुया एकत्र बांधून, काजळी घालून कपाळावर, हनुवटीवर, हातावर टोचायचं. पोरी बोंबलायच्या, दोन-दोन दिवस ताप यायचा. का गोंदायचं? तर मेल्यावर बाकी सगळं इथंच राहतं, एवढंच संगं येतं. माझ्या मायच्या हातावर तुळशीवृंदावन आणि ठिपक्यांची एक रांग होती. त्या ठिपक्यांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. तिच्या मायच्या हातावर होते म्हणून तिच्या. माझ्या बहिणीला शाळेतल्या बाईंनी गोंदू नको म्हणून सांगितलं, आणि बहीण इतकी आनंदानं घरी आली की तिला शाळा त्या दिवसापासून खरी आवडली. मी आज त्या ठिपक्यांसाठी हळहळतो ते माझ्या अंगावर सुई टोचली गेली नाही म्हणून, असं बहीण म्हणते. बरोबर आहे तिचं.

आता गंमत पुढे आहे. ज्या चालीरीती आम्ही शिकलो, सुधारलो म्हणून सोडल्या, त्याच आता सरकार तोंडी परीक्षेत विचारतं. जमातीच्या दाखल्याची पडताळणी असते. तिला आमच्याकडे सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीची पद्धत घालून दिली, तेव्हापासून दक्षता पथक, गृहचौकशी आणि चालीरीतींची चाचणी हे शब्द आमच्या घराघरांत आले. तुमचा कुलदेव कोणता, लग्न कसं लागतं, मयताला काय करता, गोंदण कुठं असतं, सण कोणते. बोगस दाखल्यांचा सुळसुळाट झाला होता, खऱ्यांच्या जागा खोटे खात होते, त्यामुळे चाळण हवी हे आम्हालाही मान्य. पण चाळणीत आमचीच पोरं अडकतात. जिची आई शिक्षिका आणि बाप तलाठी, तिला मळणीच्या वेळी कोणत्या देवाला नैवेद्य दाखवतात हे कसं माहीत असणार?

माझ्या पुतणीची व्हॅलिडिटी काढायची होती तेव्हा घरात अभ्यासाचं वातावरण होतं. मोबाइलवर फिरणारी एक टंकलिखित यादी तिनं छापून आणली होती: प्रश्न डावीकडे, उत्तरं उजवीकडे. ती पाठ करायची आणि माझी बहीण, म्हणजे तिची आत्या, तिला तपासायची. ‘असं न्हवतं गं, आपल्याकडं आधी वाघोबाला दाखवायचे,’ आत्या म्हणायची. ‘आत्या, खरं नको सांगू, यादीतलं सांग. दोघींचं वेगळं आलं तर फाइल लटकेल,’ पुतणी म्हणायची. खळ्यावर तीन रात्री तीन उगम सांगणारी आजी या चाचणीला बसली असती तर नापास झाली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेवटी काम झालं ते चालीरीतींनी नाही, कागदानं. निजामाच्या मोगलाईतल्या एका शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, उर्दू नोंदींच्या रांगेत, चुलत आजोबांचं नाव आणि पुढं जात लिहिलेली सापडली. आजोबा त्या शाळेत किती दिवस टिकले असतील देव जाणे. पण कुणा मास्तरानं नाव घातलं आणि जात विचारली, म्हणून तिसऱ्या पिढीतल्या पोरीला इंजिनिअरिंगला जाता आलं. आमच्या गोष्टींची, ओव्यांची, घोंगडीवरच्या तीन तासांची किंमत त्या एका ओळीइतकी झाली नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०२३ साली सांगितलं की चालीरीतींची चाचणी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही; स्थलांतर आणि शिक्षणानं चालीरीती बदलतात. आमच्या पुतणीला हे थोडं उशिरा कळलं. तोवर यादी तोंडपाठ झाली होती.

कागदांनी नद्यांचेही खेळ केलेत. परभणी जिल्ह्यातला आंध पहिल्यापासून अनुसूचित जमातींच्या यादीत. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात मात्र केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढ्याच तालुक्यांत. पुसद-उमरखेडकडे दिलेली आमची पोरगी सासरी गेली की आदिवासी राहत नसे आणि बाळंतपणाला माहेरी आली की पुन्हा होत असे. १९७६ च्या कायद्यानं ही क्षेत्रांची अट काढली तेव्हा कुठं बहीण-भाऊ एका जमातीचे झाले. पुढे १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि निम्मे सोयरे परभणीचे राहिले नाहीत. आमच्यासाठीचं प्रकल्प कार्यालय कळमनुरीला, म्हणजे आता दुसऱ्या जिल्ह्यात. पूर्वी कागद नव्हते म्हणून जमीन गेली, कूळ म्हणून नाव लागलं नाही, सावकाराच्या वहीतला अंगठा तेवढा खरा ठरला. आता कागद आहेत, म्हणून निदान भांडता येतं. मी कागदाची चेष्टा करतो, पण माझ्या पाकिटात त्याची झेरॉक्स असते.

असे अधांतरी आम्हीच नाही, हे मला अलीकडे वाचनातून कळलं. अमेरिकेत टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवर ॲपलाचियन डोंगरात मेलंजन नावाचे लोक आहेत. कुणी विचारलं की त्यांचे आजे सांगायचे, आम्ही पोर्तुगीज. कारण काळ्या पूर्वजाचा संशय आला तर मताचा हक्क जायचा, शाळा जायची, गोऱ्यांशी लग्न गुन्हा ठरायचं. व्हर्जिनियात वॉल्टर प्लेकर नावाचा जन्म-मृत्यू नोंदणीचा अधिकारी होता. त्यानं १९४३ साली जिल्हावार आडनावांची यादी काढून कारकुनांना पाठवली की ही आडनावं गोऱ्यांत धरू नका. पुढं २०१२ साली मेलंजनांच्या काही मूळ घराण्यांच्या डीएनए चाचण्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा बापाकडून आफ्रिका निघाली आणि आईकडून युरोप. तिथं मूळ लपवून जगावं लागलं, इथं मूळ सिद्ध करून जगावं लागतं. आडनावांच्या याद्या करणारा कारकून मात्र दोन्हीकडे सारखाच.

आपल्याकडेही शास्त्रज्ञांनी रक्त तपासून पाहिलंय. २००९ आणि २०१३ सालच्या अभ्यासांनी सांगितलं की या देशातले जवळजवळ सगळे गट दोन जुन्या प्रवाहांच्या मिसळणीतून झाले, आणि ही मिसळण सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी जोरात होती; नंतर जातीबाहेरची लग्नं थांबली. म्हणजे वाड्यावरचा पाटील, त्याचा भाट, आम्ही, आणि आमच्यातले खालताळी, सगळेच कुणाच्या ना कुणाच्या घरात बसलेल्या पणजीची लेकरं. हे मी एकदा पारावर सांगितलं, तर एक म्हातारा म्हणाला, ‘ते समद्यांचं असंल, पर आमचं तसं न्हाय.’

पुतणी आता पुण्यात नोकरी करते. गेल्या दिवाळीत तिच्यासाठी एक स्थळ आलं. बायोडाटा रंगीत, मुलगा शिकलेला, पगार चांगला, जातीच्या रकान्यात फक्त ‘आंध’. मला बरं वाटलं. दोन दिवसांनी मुलाच्या काकांचा फोन आला. शेतीपाणी, पाऊसपाणी झालं आणि मग त्यांनी आवाज खाली केला. तोच ओसरीवरचा आवाज. ‘बाकी सगळं पसंत आहे हो. फक्त तुम्ही... वरताळीच ना?’ मी म्हटलं, आमच्याकडे व्हॅलिडिटी आहे, तीत असलं काही लिहीत नाहीत. ते म्हणाले, ‘ते झालं सरकारचं. आपलं आपल्याला पाहावं लागतं की.’

फोन स्पीकरवर होता आणि पुतणी शेजारी चकली खात बसली होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. ‘काका, सांगते की. पण आधी तुमच्या आजीचं माहेर कुठलं, तिचं कूळ कोणतं, मळणीला आधी कोणत्या देवाला दाखवायचे आणि तुमच्या पणजीच्या हातावर काय गोंदलं होतं, तेवढं सांगा,’ असं म्हणत तिनं एकामागून एक विचारायला सुरुवात केली. काकांना दुसऱ्या प्रश्नालाच ठसका लागला. यादी तिला अजून तोंडपाठ होती.